साइट चालू झाली की जाऊ

"पान असं नसतंय," बाबा म्हणाले आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. "इतकं पिवळं दाखवलं तर लोकं म्हणतील, रोपाला रोग हाय."

मी म्हटलं, बाबा, पान तुमच्याच मोसंबीचं आहे, सकाळी तुम्हीच तोडून दिलंत. तर म्हणाले, उन्हात फोटो काढला असशील, सावलीत काढ. सावलीत काढला तर पान काळपट दिसायला लागलं. मग त्यांना वाटलं, पानामागं माणसाचा हात पाहिजे, म्हणजे आकार कळतो. हात धरला तर म्हणाले, आता हातच दिसतोय, पान कुठंय? बाबासाहेबांची जयंती होऊन गेली होती, बदनापुरात ऊन तापायला लागलं होतं, आणि आमच्या रोपवाटिकेची वेबसाइट त्या एका पानावर अडून बसली होती.

एरवी मी इतकी चिडले नसते. दहा वेळा बदल सांगणारी गिऱ्हाइकं मी पुण्यात कंपनीत होते तेव्हा पुष्कळ पाहिली आहेत, आणि नोकरी सोडून इकडं आल्यावर जालन्यातल्या दुकानदारांची आणि शाळांची कामं करताना त्यांचे भाऊबंदही पाहिले. पण इथं प्रश्न पानाचा नव्हता, बाबांच्या काळजाचा होता.

हिवाळ्यात रोपांना पाणी घालता घालता ते झारी हातात घेऊन खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. आम्ही त्यांना औरंगाबादला नेलं; शहराचं नाव बदललं तरी आमच्या घरात ते औरंगाबादच. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर बाबांचं हृदय दाखवलं आणि कुठं कुठं वाट बंद झाली आहे ते पेनाच्या टोकानं सांगितलं. बायपास करावी लागेल, म्हणाले, आणि लांबवू नका. बाबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर रसवंतीवर उभं राहून मला म्हणाले, "हंगाम काढून घेऊ. मंग बघू."

हंगाम म्हणजे पावसाळा. मोसंबीची लागवड तेव्हाच होते, आणि रोपं घ्यायला जाफ्राबाद-भोकरदनपासून माणसं येतात ती बाबांशी बोलायला येतात. त्यांची पद्धतच तशी आहे. रोप मागणाऱ्याला ते आधी रोप दाखवतच नाहीत. बसवतात, पाणी देतात, आणि विचारायला लागतात: जमीन कशी आहे, काळी चिकट की मुरमाड? विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का? आधी त्या रानात काय होतं? चिकट काळ्या रानात मोसंबीची मुळं सडतात, म्हणून तसं रान असणाऱ्याला ते सरळ म्हणतात, "तुमाला मी रोप देत न्हाई. पैसे खिशात ठेवा, अन् चहा पिऊन जा." असा धंदा कोण करतं? पण माणसं पुढल्या वर्षी आपल्या मेव्हण्याला घेऊन येतात.

बाबांनी सरकारी रोपवाटिकेत रोजंदारी करता करता डोळा भरायला शिकून घेतलं, म्हणजे जंबेरी ह्या रानटी लिंबाच्या खुंटाला चीर देऊन त्यात मोसंबीचा डोळा बसवायला. पुढं स्वतःच्या तुकड्यावर खुंट लावले. तेव्हा लोक म्हणायचे, ह्यांच्याकडून रोपं कोण नेणार? आता तेच लोक गाडी घेऊन येतात. त्यामुळं ही रोपवाटिका सोडून दवाखान्यात पडून राहायचं, हे त्यांच्या गळी उतरवणं म्हणजे नाकी नऊ येण्याचंच काम होतं. मीच तोड काढली. म्हटलं, तुमचे सगळे प्रश्न मी वेबसाइटवर घालते. माणूस घरी बसून उत्तरं देईल, जमीन योग्य असेल तरच पुढं बुकिंग होईल, नसेल तर साइटच त्याला नाही म्हणेल. तुमच्या तोंडाचं काम ती करील. तुम्ही मोकळे.

त्यांनी विचार केला आणि आईसमोर कबूल केलं, "साइट चालू झाली की जाऊ."

मला वाटलं, सुटलो. लग्नाच्या पत्रिका छापून झाल्यासारखी मी हलकी झाले. साइट काय, मी पंधरवड्यात उभी केली. आणि तेव्हापासून बाबांना तिच्यात खोट सापडायला लागली.

आधी प्रश्न कमी वाटले. मी वाढवले. मग वाटलं, इतके प्रश्न पाहून माणूस पळून जाईल. मी कमी केले. मग म्हणाले, बोलणाऱ्याचा आवाज ऐकल्याबिगर माणूस खोटं बोलतोय का खरं, हे कसं कळायचं? आता ह्याला मी काय बटण लावणार? मग लिंबाची रोपं राहिली, झेंडूची राहिली, झेंडू तर आपण नुसता दसऱ्यापुरता करतो पण राहिला तर वाईट दिसतं. मी झेंडूचा एक आडवा पट्टाच साइटच्या पहिल्या पानावर टाकून दिला. मग ते मोसंबीचं पान आलं. रोज सकाळी वाटायचं, आज होऊन जाईल, आणि रोज संध्याकाळी नवीन काहीतरी निघायचं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, तेच मला कळत नव्हतं.

मला एका जागी बसवेना. खिडकीतून मागच्या शेडनेटमधला झारीचा आवाज यायचा, आणि तो थांबला की माझे हात की-बोर्डवर थांबायचे. परत सुरू झाला की मी परत टाइप करायची. ते खोकले तर मी उठायची, खोकले नाहीत तरी उठायची. उभ्यानं जेवायची. आई म्हणायची, "तू काय घरात वाघ शिरल्यावानी फिरून राह्यलीस? बस की." बसले की पाय हलायचा. बाबांवर ओरडायचं तर डॉक्टरांनी बजावलेलं, त्रास देऊ नका. मग मी भांडी आदळायची. एकदा तर मी त्यांना म्हणाले, "बाबा, ही तुमची शेवटची दुरुस्ती, ह्यापुढं एक अक्षर बदलणार नाही." ते शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. फक्त ते फोन नंबराचं अक्षर जरा मोठं कर."

मी ते मोठं केलं, आणि ठरवलं की आता विचारायचं नाही, सरळ मोकळं व्हायचं. एका सकाळी मी त्यांच्या फोनवर चाचणीची लिंक पाठवली. म्हटलं, ही लिंक असणाऱ्यालाच दिसते, अजून जगाला नाही, नुसती तुम्ही बघा. दुपारपर्यंत काय ते एकदाच सांगा, संध्याकाळी मी चालू करून टाकणार आणि उद्या औरंगाबादला फोन लावणार. ते "बघतो" म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. मी माझा फोन बंद करून लॅपटॉपवर उरलेली पानं तपासायला बसले.

त्यांनी ती लिंक पाहिली. आणि मला एक शब्दही न बोलता आमच्या सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर पाठवून दिली. सोबत काही लिहिलं नाही, कारण त्यांना टाइप करता येत नाही. मग फोन बंद करून चार्जिंगला लावला, चालू फोन चार्जिंगला लावला तर फुटतो असं त्यांचं मत आहे, आणि मागं कडुलिंबाखाली बाजेवर जाऊन झोपले. ज्या साइटमध्ये त्यांना रोज नवी खोट दिसत होती, ती त्यांनी टेंभुर्णी, राजूर, परतूर, जिथं जिथं आमचं नातं आहे तिथं सगळीकडं दाखवून टाकली होती.

आता माझ्या अकलेचं सांगते. पुण्याच्या कंपनीत आम्ही माणसांचे फोटो काळे-पांढरे ठेवायचो. त्यावर माउसचा बाण नेला की फोटोत रंग भरायचा. फार देखणं दिसतं. मी बाबांचा फोटो तसाच केला होता, आणि लॅपटॉपवर शंभर वेळा बाण फिरवून खूश झाले होते. मोबाइलवर बाण नसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पान, झेंडू आणि प्रश्नांच्या गडबडीत माझ्या डोक्यातून ते साफ गेलं. तर पाहुण्यांच्या फोनवर काय उमटलं? बाबांचा काळा-पांढरा फोटो, खाली झेंडूच्या फुलांचा पट्टा, आणि त्याखाली मीच मोठ्या हौसेनं लिहिलेली ओळ: ज्यांनी सारं आयुष्य रोपांना वाहिलं. तेही बाबांच्याच नंबरावरून. आमच्याकडं माणूस गेला की पोरं त्याच्याच फोनवरून ग्रुपवर तसाच फोटो टाकतात. लिंक उघडून पुढं बघायची गरज कुणाला वाटेल? फोन लावला तर बाबांचा बंद, माझा बंद. आईकडं फोन नाहीच. फोन लागत नाही म्हणजे खरंच, असं म्हणून माणसं निघाली.

मी लॅपटॉपवर होते तेव्हा बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढून रडणं सुरू झालं. "माझ्या भावा रंऽऽ, माझ्या पाठच्या वाघा रंऽऽ, आता मला माहेराला कोन बोलवंल रंऽऽ..." आत्याचा आवाज होता. टेंभुर्णीची आत्या, बाबांची थोरली बहीण. आजी गेल्यावर बाबांना तिनंच वाढवलं. ती पदर तोंडाशी धरून, दोन्ही बाजूंनी बायांचा आधार घेऊन दाराकडं येत होती, आणि मागून पुरुषमंडळी माना खाली घालून.

मला वाटलं, बाबा मागं झोपेतच गेले आणि मला कुणी सांगितलंच नाही. माझ्या आधी ह्यांना कळलं. मी मागच्या दाराकडं पळाले.

तिकडून बाबा पळत येत होते.

डॉक्टरांनी ज्यांना जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलं होतं, ते उघड्या अंगानं, अनवाणी, भर उन्हात पळत येत होते. आपल्याच दारात आपलीच बहीण हेल काढून रडतेय, म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं, एवढंच त्यांना झोपेतून उठताना कळलं होतं. "कोन गेलं?" ते ओरडत होते, "कोन गेलं गं?" मला पाहिलं आणि माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मग आई चुलीपुढून बाहेर आलेली दिसली. तेव्हा कुठं ते मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले. चेहरा राखेसारखा, घाम सुटलेला, एक हात छातीवर.

मी डॉक्टरांनी दिलेली गोळी आणली. कशी आणली, आठवत नाही. जिभेखाली ठेवली आणि त्यांच्यापुढं बसून राहिले. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नाही. मला एवढंच कळत होतं की काहीतरी मी केलंय, आणि त्यानं बाबा माझ्या डोळ्यांसमोर चाललेत. तिकडं आत्या पुढच्या दारात बसून, डोळे मिटून, रडतच होती. त्यांच्या लहानपणीचं एकेक काढून रडत होती. भाकरी वाटून खाल्लेली, तिच्या लग्नात जीपमागं पळत आलेला, सगळं. बाबा ते ऐकत होते. त्यांना बोलता येत नव्हतं.

शेवटी आईच पुढं गेली आणि आत्याच्या तोंडावरचा पदर ओढून काढला. "आत्याबाई, उंबऱ्यावर कोन बसलंय ते तरी बघा."

आत्यानं बघितलं. रडणं घशातच थांबलं. मग उठली, बाबांच्या जवळ आली, तोंडावरून हात फिरवला, कपाळाला लावून बघितला, आणि जी सुरू झाली: "मुडद्या! जित्ता हाईस व्हय! अन् मला टेंभुर्णीपास्नं ऊर बडवीत आनलंस? तुझं काय वाईट केल्तं रं मी?" आणि पुन्हा रडायला लागली, ह्या वेळी बाबांना मिठी मारून. मागचा एक पाहुणा डोळे पुसत म्हणाला, "आयुष्य वाढलं. मेल्याची खबर आली की आयुष्य वाढतं."

थोड्या वेळानं बाबांचा रंग परत आला. मग फोन निघाले, फोटो निघाला, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तिथंच बसून फोटो रंगीत केला. पण बातमी पुढं गेली ती गेलीच. दिवस मावळेपर्यंत माणसं येत राहिली. राजूरहून मामाकडचे आले, कुणी पांढरं कापड घेऊन आले, कुणी मोसंबीवाले शेतकरी आले. बाबा अंगणात बाजेवर बसून प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होते, आणि माणसं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा हातातल्या कापडाकडं बघत होती. आई चहा करता करता मला ऐकवत होती, "लोकाच्या पोरी जावई आणतात, आमच्या पोरीनं मयत आणली." हसूही येत होतं सगळ्यांना. मला येत नव्हतं. मी बाबांची छाती वरखाली होते की नाही, तेवढंच बघत होते.

मंडळी गेली. आत्या मात्र राहिली. हात-पाय धुऊन आईबरोबर भाकरी करायला बसली. उजेड अजून होता. बाबा मागं खुंटांच्या वाफ्याजवळ जाऊन उभे राहिले होते, आणि मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. मनात माफी मागायची जुळवाजुळव चालली होती.

"पळताना मला वाटलं, तूच गेलीस," ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

मी एक पाऊल पुढं सरकून त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"तितक्यापुरतं माझं दुखणं कुठं गेलं, कळलंच न्हाई. मंग उंबऱ्यावर बसल्यावर कळलं." ते थोडा वेळ खुंटांच्या कोवळ्या शेंड्यांवरून हात फिरवत राहिले. "साइटीत काहीच खोट नव्हती, माय. पहिल्या दिवशी दाखवलीस तवाच बराबर होती."

"मग?"

"मला भेव वाटून राह्यलं. छाती उघडतेत म्हणे. बंद करतेत का न्हाई, कोन सांगावं." आणि मग, हळूच, "म्हणून म्हणत गेलो, हे कर, ते कर. तुझी साइट होऊस्तोवर मला जावं लागत नव्हतं."

मला राग यायला हवा होता. पंधरवडाभर मी त्या पानासाठी सावली शोधत फिरले होते. पण तो आला नाही, कारण ह्या माणसानं मला जन्मात कधी भीती वाटते असं सांगितलं नव्हतं. साप निघाला तरी नाही, रोजंदारी सुटली तरी नाही, लोकांनी दारात उभं केलं नाही तेव्हाही नाही. मी म्हणाले, "मला पण वाटते, बाबा. रोज वाटते. झारी थांबली की वाटते."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "म्हणून तर मी मधीमधी उगीच पाणी घालतो."

मी तिथंच उभी राहून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "उद्याच जाऊ. आता थांबलो तर परत काहीतरी काढीन मी."

आत्या ज्या जीपनं रडत आली होती, तीच जीप आम्ही सकाळी औरंगाबादला जायला थांबवून ठेवली होती. आईनं आणि बरोबर निघालेल्या आत्यानं पिशव्या भरल्या. बाबांनी धुतलेला सदरा घातला, बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडले, आणि दारात चप्पल घालायला बसले. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या शेजारी बसले. एकच बटण दाबायचं राहिलं होतं. म्हटलं, जाता जाता करून टाकते, तुमच्या जिवाला घोर नको.

"बाबा, चालू करू का?"

त्यांनी पडद्याकडं बघितलं. स्वतःच्या रंगीत फोटोकडं बघितलं. मग लॅपटॉपचं झाकण त्यांनी स्वतःच्या हातानं, सावकाश, खाली केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मी माघारी आल्यावर, मीच दाबीन. माघारी यायला मागं कायतरी काम राह्यलेलं बरं."

मी कधीच कुठलं काम असं तोंडाशी आणून टाकून दिलेलं नाही. माझा तो स्वभावच नाही. त्या दिवशी मी ते तसंच टेबलावर ठेवलं, घराला कुलूप लावलं, आणि बाबांचा हात धरून जीपमध्ये बसले.